शेवटचा शब्द मुलांचा

यमकांचं चित्रपुस्तक बालवाडीत वाचताना ताईंनी ओळीतला शेवटचा शब्द म्हणायचा नाही. ओठांवर आलेला शब्द गिळायचा, चित्रावर बोट ठेवायचं आणि गप्प राहायचं. पहिल्या दिवशी मुलं नुसती बघत बसतील. तेच पुस्तक दोन-चारदा वाचून झालं, की तो शब्द एवढ्या जोरात येतो की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून जातात.

समजा, पानावर टोपी घातलेलं अस्वल आहे आणि ओळी अशा आहेत: ‘डोक्यावरती टोपी लाल, अस्वलाचे फुगले गाल.’ ‘फुगले’पाशी थांबलं की मुलाच्या हाताशी दोन खुणा असतात. शब्दाचा शेवट ‘लाल’सारखा होणार हे कान सांगतो, आणि अस्वलाचं काय फुगलंय ते डोळ्यांना दिसतंच. एकही अक्षर न ओळखणारं मूल त्या क्षणी वाचणाऱ्या माणसाचंच काम करत असतं: पुढे काय येणार याचा अंदाज बांधायचा आणि तो पानावर ताडून बघायचा.

पण यमक कुठे पडलंय, ते पाहायला हवं. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. त्यामुळे घाईत लिहिलेल्या बालकवितेत आला-गेला-झाला, घातली-फाटली अशीच यमकं पडतात. ‘अस्वलाने टोपी घातली’ या ओळीनंतर टोपी फाटली, भिजली, हरवली किंवा सापडली, काहीही चालतं; सगळ्यांच्या शेवटी ‘ली’ आहेच. अशा यमकाने अंदाजाला काहीच मदत होत नाही, आणि क्रियापदाचं चित्र काढणंही कठीण. म्हणून दुकानात पुस्तक चाळताना मी आधी ओळींची टोकं बघते. तिथे गाल, खार, पतंग, घागर अशी चित्रात दिसणारी नामं असतील तर पुस्तक वर्गात चालतं. पानोपानी ‘होती’ आणि ‘होता’ असेल तर चित्रं कितीही गोड असोत, मी ते परत ठेवते.

इंग्रजीतून आलेल्या पुस्तकांची पंचाईत निराळी. जूलिया डोनाल्डसन यांच्या ‘द ग्रफेलो’ (१९९९) या गाजलेल्या पुस्तकामागे वाघाची एक चिनी लोककथा आहे. पण इंग्रजीत वाघाला यमक जुळेना, तेव्हा त्यांनी वाघच काढून टाकला आणि यमकात बसेल असा नवा प्राणी घडवला. अनुवादकाला ही मुभा नाही. चित्र आधीच छापलेलं असतं, त्यातला कोल्हा कोल्हाच राहणार. मग यमकासाठी वाक्याची ओढाताण होते. असलं पुस्तक सरळ गद्यात सांगावं, मुलांचं काही बिघडत नाही.

एवढा खटाटोप का, तर त्याला कारण आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास मांडला. वाचायला न शिकलेल्या, चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांपैकी ज्यांना ध्वनीत न जुळणारा शब्द ओळखता येत होता, ती पुढे वाचनात सरस ठरली. हा अभ्यास इंग्रजीतला; देवनागरीचा हिशेब अक्षरांचा, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे लावू नये. मात्र आपली एक सोय आहे: लाल, गाल, ताल कानाला जुळतात, तसेच कागदावरही जुळलेले दिसतात. इंग्रजीत तेवढी खात्री देता येत नाही. शिवाय ‘चहाबिहा’, ‘खाऊबिऊ’ म्हणणारं मूल शब्दाचं पहिलं अक्षर काढून तिथे ‘बि’ बसवतच असतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

वर्गात खरी अडचण पुस्तकाच्या आकाराची. आईच्या मांडीवर बसून बघायचं पुस्तक तीस मुलांना कसं दिसणार? न्यूझीलंडच्या डॉन होल्डअवे यांनी मागच्या पोरालाही दिसतील अशी भलीमोठी पुस्तकं वर्गात आणली आणि सगळ्यांनी मिळून वाचण्याची पद्धत रुजवली. आपल्याकडे तेवढं मोठं पुस्तक नसेल तर मुलांचे दोन गट करून दोनदा वाचावं. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोफत आहेत, ती भिंतीवरही दाखवता येतात. आणि वाचून होताच ‘अस्वल कुठे राहतं?’, ‘टोपीचा रंग कोणता?’ ही सरबत्ती मात्र नको. मुलं ‘परत!’ म्हणत असतील तर परत वाचावं.

घरी वारली किंवा भिली बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात क्रम उलटा ठेवावा लागतो. मराठी शब्दच माहीत नसेल तर यमक त्याची आठवण कशी करून देणार? तिथे आधी नुसती चित्रं बघायची, प्रत्येक गोष्टीला घरी काय म्हणतात ते मुलांकडून ऐकायचं, मग तिचं मराठी नाव सांगायचं आणि ओळी दुसऱ्या दिवशी वाचायच्या. थांबल्यावर एखाद्याने घरचाच शब्द ओरडून सांगितला, तर तोही घ्यायचा आणि पान उलटायचं.