रानांतील गाणीं आणि त्यांची चढाओढ

डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांत शेतकामाचीं व रानचीं जीं गाणीं लोकांच्या तोंडीं आहेत, त्यांची दोन दिवसांची चढाओढ भरवून गाणाऱ्यांस बक्षिसें द्यावींत, अशी सूचना आमच्या कांहीं वाचकमित्रांनीं केली आहे. सूचना चांगली आहे. परंतु चांगलें बियाणेंही भलत्या वाफ्यांत पडलें तर वांया जातें, हें कोणत्याही शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणून तिजविषयीं आम्हांस जें सुचलें तें येथें मांडतों.

या सूचनेचा नमुना ऑस्ट्रेलियाचा आहे. त्या खंडाच्या आंतल्या बाजूस मैलोगणती माळरान, मेंढ्यांचे व गुरांचे अफाट वाडे, आणि वस्ती इतकी विरळ कीं दोन शेजाऱ्यांची गांठ पडावयाची ती गांवच्या हॉटेलांतच. हें हॉटेल म्हणजे आपल्याकडील चहाचें दुकान नव्हे. पुढें लांब पडवी, वर उतारूंच्या खोल्या, खालीं मद्याचा गुत्ता. बातमी, सौदा, भांडण व करमणूक या सर्वांचें ठिकाण तेंच. अशा जुन्या हॉटेलांतून शनिवार-रविवार गांठून रानकवितेच्या चढाओढी होतात. कविता यमकाची व वृत्तांत ठाकठीक बसलेली असावी, विषय तिकडच्या रानाचा किंवा तेथील माणसांचा असावा आणि ती पाठ म्हणावी, असा त्यांचा जुन्या वळणाचा रिवाज आहे. मेंढ्या कातरणारा, गुराखी, शाळामास्तर, म्हातारी आजी, कोणीही उठून म्हणावें.

तिकडच्या दोन थोर कवींचीही एक चढाओढ प्रसिद्ध आहे. बॅन्जो पॅटर्सन (१८६४–१९४१) व हेन्री लॉसन (१८६७–१९२२) यांनीं १८९२ सालीं सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकांत एकमेकांस कवितेनें उत्तरें दिलीं. रानचें जिणें रखरखीत व दुःखाचें असें लॉसन म्हणत. पॅटर्सन त्याचा कैवार घेत. हा शुद्ध सवाल-जबाबच होय. गंमत अशी कीं, दोघांनाही चार पैसे मिळावेत म्हणून हें भांडण त्यांनीं आपसांत ठरवून मांडलें होतें!

आमच्या दृष्टीनें मात्र पॅटर्सन यांचें दुसरेंच एक गाणें अधिक बोधक आहे. क्वीन्सलंड प्रांतांतील विंटन गांवच्या नॉर्थ ग्रेगरी हॉटेलांत ६ एप्रिल १८९५ रोजीं ‘वॉल्ट्झिंग माटिल्डा’ हें गाणें प्रथम जाहीरपणें म्हटलें गेलें, असें तेथील लोक सांगतात. पाठीवर वळकटी घेऊन कामासाठीं हिंडणारा एक मजूर मेंढी धरतो. जमिनीचा धनी शिपाई घेऊन येतो. तो मजूर हातीं लागण्यापेक्षां पाण्यांत उडी घेऊन मरतो. एवढीच कथा. तिच्या मागें १८९१ व १८९४ सालचे मेंढ्या कातरणाऱ्यांचे संप उभे आहेत. ज्या जमीनदाराच्या घरीं पाहुणा असतां कवीनें तें गाणें रचिलें, त्याचीच लोकर कातरण्याची वखार आदल्या वर्षींच्या संपांत जळाली होती. आपल्याकडे एखाद्यानें सावकाराच्या ओटीवर बसून कुळाच्या मरणाचें गाणें करावें, आणि पुढें तेंच साऱ्या देशानें, सावकारासुद्धां, आपलें म्हणून म्हणावें, तसा हा प्रकार झाला.

चढाओढ ही आपल्याकडेही नवी नाहीं. कलगी व तुरा या दोन पक्षांचे शाहीर रात्र रात्र एकमेकांस कोडीं घालीत. तुरेवाले शिवाची बाजू धरीत, कलगीवाले शक्तीची. आणि उत्तर न सुचलें म्हणजे सारी सभाच हार ठरवी. तेथें परीक्षक वेगळे बसवावे लागत नसत. रत्नागिरीकडे शक्ती-तुऱ्याच्या नांवानें ती चाल अजून चालू आहे.

परंतु डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील गाणें या जातीचें नव्हे. तें कोणास हरविण्यासाठीं रचिलेलें नाहीं. तें कामास जोडलेलें आहे. भात पिकूं लागलें म्हणजे तारपा वाजतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचें पान व मेण यांचें तें वाद्य. वाजविणारा मधें, आणि भोंवतीं एकमेकांच्या कमरेस हात घालून नाचणाऱ्यांचें कडें. मळणीच्या सुमारास भगत घांगळी घेऊन बसतो व कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा गातो. राब भाजून, रोपें काढून, चिखलांत आवणी करून जें भात घरीं आणिलें, तें देवता म्हणून ऐकावयाचें. आम्ही भाताचा उतारा मोजणारे लोक. कणगीपुढें बसून भाताची कथा ऐकण्याची चाल आमच्या घरांतून केव्हां गेली, हें आम्हांस सांगतांही येणार नाहीं.

आणि सर्वांत मोठें गाणें लग्नाचें. वारली लग्नांत धवलेरी ही विधि चालविते. ती बाई असते व तिचा सारा अधिकार तिच्या गाण्यांत असतो. तिच्या गाण्यावांचून लग्न लागत नाहीं. सवासिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात, त्यांत पालघाट देवी येते, आणि धवलेरी गात असते. तिनें हें सारें पोथींतून घेतलेलें नसतें. आपल्याआधींच्या धवलेरीजवळ बसून, लग्नामागून लग्न ऐकून तें तोंडीं केलेलें असतें. अशा बाईस मांडवांत उभें करून ‘दहा मिनिटांत म्हणून दाखवा, घंटा वाजली कीं थांबा’ असें सांगणें आम्हांस तरी प्रशस्त वाटत नाहीं.

येथें एक गोष्ट बोलली पाहिजे. ती टाळून हा विषय आमच्या मासिकांत काढणें खोटेपणाचें होईल. ज्या लग्नाचें हें गाणें, त्याच लग्नापायीं माणूस गहाण पडत असे. लग्नाच्या खर्चासाठीं वारली जमिनीच्या धन्याकडून कर्ज घेई, आणि तें फिटेपर्यंत नवराबायको दोघें धन्याच्या शेतावर व घरीं राबत. तें फिटत नसे. अशा माणसास ‘लग्नगडी’ हें नांवच पडलें होतें. कर्जाच्या भयानें पुष्कळांचीं लग्नें वर्षेंच्या वर्षें लांबत. २३ मे १९४५ रोजीं झरी येथें, तेव्हांच्या उंबरगांव तालुक्यांत व आजच्या तलासरी तालुक्यांत, हजारों वारली जमले आणि वेठ व लग्नगडीपणा यापुढें नाहीं असें त्यांनीं ठरविलें. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाडा येथें पोलिसांचा गोळीबार होऊन पांच माणसें मेलीं. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकांत ही हकीकत आली आहे. ज्यांनीं वाचलें नसेल त्यांनीं तें अवश्य वाचावें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजोबांच्या चोपड्यांतही तो हिशेब असेल, फक्त दुसऱ्या रकान्यांतून लिहिलेला. म्हणून आम्ही जमीनवाले आज चढाओढीचे यजमान होऊन बसूं, तर विंटनच्या गाण्याप्रमाणें धन्याविरुद्धचेंही गाणें आमच्याच मांडवांत ऐकण्याची तयारी हवी. तें वगळून नुसतें पाऊस-पाखरांचें गाणें मागूं, तर लोक तेवढेंच म्हणून दाखवितील, आणि खरें गाणें पाड्यावर ठेवून येतील.

दुसरा विचार कागदाचा. चौक लिहिण्याचें काम मूळचें बायकांचें. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुळकर्णी यांनीं या भागांत येऊन कागद व रंग दिले, आणि जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनीं तीं चित्रें देशोदेशीं नेलीं. त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक उपदर्शन मिळालें, जसें पुढें घोलवडच्या चिकूस मिळालें. कागदामुळें चित्र वांचलें व कित्येक घरांस मीठभाकर मिळाली, हें खरें. पण तें लग्नाच्या भिंतीवरून उतरलें, बायकांच्या हातून पुष्कळसें पुरुषांच्या हातीं गेलें, आणि धवलेरीचा आवाज मागेंच राहिला, हेंही खरें. चित्र विकतां येतें. गाणें तसें विकलें जात नाहीं.

तरी लिहून ठेवावेंच लागेल. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस लिहितां येत नव्हतें. शेतांत व जात्यावर सुचलेलें तेथेंच उडून गेलें असतें. मुलानें व आप्तांनीं टिपून ठेविलें, आणि त्या गेल्यानंतर १९५२ सालीं पुस्तक निघालें. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर व गी प्वातव्हां यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गांवोगांव फिरून लाखावर जमविल्या. जातीं बंद पडल्यावर त्या कोणीं म्हटल्या असत्या?

तेव्हां आमचें मत असें कीं, दोन दिवसांचा मेळा भरवावा, पण त्याचे दोन भाग करावेत. नवी कविता रचणाऱ्या तरुणांची चढाओढ खुशाल लावावी, वारलीत असो, आगरी-मांगेल्यांच्या बोलींत असो. यमक हवें, पाठ हवें, हे ऑस्ट्रेलियाचे नियम त्यांस लागूं करावेत. निवाडा मात्र ज्यांची बोली त्यांनीं करावा. शहरांतून परीक्षक आणून वारली शब्दांचा अर्थ त्यांस दुभाष्याकडून सांगविणें हास्यास्पद होईल. धवलेरी व भगत यांस चढाओढींत ओढूं नये. त्यांस मानानें बोलवावें, गावें वाटलें तर ऐकावें, जें देवाचें म्हणून बाहेर गावयाचें नाहीं तें मागूं नये. टिपून घ्यावयाचें तर आधीं विचारावें, उच्चार जसा असेल तसा लिहावा, ‘शुद्ध’ करूं नये, आणि लिहिलेल्याची एक प्रत तिच्याच पाड्यावर ठेवावी. त्या दिवसांची मजुरी प्रत्येकीस रोख द्यावी. हें बक्षीस नव्हे, खाडा भरून देणें होय.

राहिला प्रश्न दिवसांचा. कांहीं मित्र चिकूच्या वाड्यांत पाहुणे येतात त्या हिंवाळ्याच्या सुट्या सुचवितात. परंतु भात झोडून झालें कीं पाड्यावरचीं पुष्कळ घरें वीटभट्ट्यांवर व इतर मजुरीस बाहेर जातात; मांडव भरेल, गाणारे नसतील. चैत्री पौर्णिमेस विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा असते व त्या पंधरवड्यांत कोणास उसंत नसते. भट्टीवरचीं माणसें होळीला मात्र घरीं येतात. होळीनंतरचे दोन दिवस धरावेत, आणि आमंत्रण एक महिना आधीं पाड्यापाड्यावर कोणीतरी पायीं जाऊन द्यावें.