तेराव्याच्या आत कागदावर सही नको



हंगामात भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर उभी असते. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. रात्रीची लाईट म्हणून पाणी पाजून मोटारसायकलवर परतणारा आपलाच सभासद तिच्यावर आदळतो. गेलेल्या माणसाबद्दल आम्ही काय लिहावे? पण मागे राहिलेल्यांचे पुढे काय होते, ते आम्ही गटागटांतून पाहत आलो आहोत.

तेरावा व्हायच्या आत चार जाणती माणसे घरी येतात. "झालं ते झालं. ट्रॅक्टरवाला गावचाच हाय. दोन लाख घ्या नि मिटवून टाका." बाईला कशाची शुद्ध नसते, दीर म्हणेल तिथे ती सही करते. वास्तविक, बेदरकारीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा असा आपसात मिटत नाही. शिवाय ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचा विमा चालू असेल, तर भरपाई साधारणपणे विमा कंपनी भरते. गावचा माणूस बुडत नाही. हे त्या चौघांना ठाऊक नसते की काय, देव जाणे!

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावायचा. आपण राहतो त्या हद्दीतही तो लावता येतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा वर्षश्राद्धापर्यंत थांबू नये. पंचनाम्यात ट्रॉलीला मागे दिवा नव्हता ही नोंद झाली का, ते घरच्या कुणीतरी लगेच पाहावे. दोष दोन्हीकडचा ठरला तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते.

आता हिशेब. समजा, माणूस ३८ वर्षांचा, मागे बायको, दोन मुले, म्हातारी आई. महिना १२,००० म्हणजे वर्षाचे १,४४,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के धरून २,०१,६००. त्याचा स्वतःचा खर्च चौथा हिस्सा वजा, उरले १,५१,२००. या वयाला १५ ने गुणतात, म्हणजे २२,६८,००० रुपये. ही रीत सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ च्या निकालांतली आहे. दोन लाखांशी ताडून पाहा.

अडते ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. विमा कंपनीचा वकील हमखास म्हणतो, जमीन तर घरातच राहिली, मग नुकसान कसले? जमीन राहिली हे खरे, पण दारं धरणारा, खताची मात्रा बघणारा, तोड मिळावी म्हणून हेलपाटे घालणारा गेला. त्या राबण्याची नि देखरेखीची किंमत न्यायालय धरते, आणि ती दाखवायला सातबारा एकटा पुरत नाही. ऊस नोंद, वजनाच्या पावत्या, तीन हंगामांची बिले, बँकेचे पासबुक जोडावे. दूध घालत असेल तर डेअरीचे कार्डही.

वकिलाच्या फीची धास्ती नको. विधी सेवा कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. रकमेत हिस्सा मागणारे दलाल दारात उभे करू नयेत.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख वेगळे आहेत. त्यासाठी तालुका कृषी कार्यालयात लगेच जावे.

ऊस बिलांचा उतारा काढायला त्या माउलीला कारखान्यावर यायला लावू नका. गट ऑफिसात कुणाकरवी निरोप द्या, आमचा ओव्हरसिअर घरी आणून देईल.