घरची वाइन : भाग ९
जुनी बाटली, नवी वाइन

गेल्या आठवड्यात वाइन साक्यावरून अलगद काढून दुसऱ्या भांड्यात घेण्यापर्यंत आपण आलो. आता ती निवळली आहे, बुडबुडे थांबून बरेच दिवस झाले आहेत आणि ती बाटल्यांत भरायची वेळ आली आहे. (महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार घरात वाइन करायलाही परवाना लागतो. हा विषय दुसऱ्या भागात सविस्तर आला आहे. नव्या वाचकांनी तो आधी वाचावा.) नव्या बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. काच कितीही वेळा वापरली तरी वाइनला तिची चव लागत नाही. बिअरचे कारखानेसुद्धा भंगारवाल्यांकडून परत आलेल्या बाटल्या धुऊन पुन्हा भरतात. त्यांच्याकडे दोन-तीन टक्के कॉस्टिक सोड्याचं ६० ते ८० अंश तापलेलं पाणी आणि जोरदार फवारे असतात. आपल्याकडे हे काहीच नसतं, म्हणून आपल्याला वेळ जास्त द्यावा लागतो.

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं नीट झालं नसेल तर दुसऱ्याचा काहीही उपयोग होत नाही. बहुतेक घरांत याच्या उलट चालतं. बाटली दोनदा विसळायची आणि मग त्यात भरपूर औषध ओतायचं. पण बाटलीच्या तळाशी वाळलेला जुन्या वाइनचा पातळ थर असतो. त्यात साखर, रंगद्रव्य आणि मेलेलं यीस्ट असतं, आणि त्यात राहणारे जीव स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. औषध त्या थरावरच खर्ची पडतं, आतल्या जीवांपर्यंत पोहोचत नाही.

हे जीव कोणते, हे कळलं की भीती कमी होते आणि काळजी मात्र योग्य जागी घेतली जाते. वाइनचा सामू तीन ते चारच्या दरम्यान असतो आणि त्यात बारा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, त्यामुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू तिच्यात सहसा तगत नाहीत. तगतात ते आम्ल आणि अल्कोहोल दोन्ही पचवणारे. ॲसिटोबॅक्टर हवेच्या साथीने अल्कोहोलचं व्हिनेगर करतो. लॅक्टोबॅसिलसच्या काही जाती वाइन गढूळ आणि उग्र करतात. ब्रेटॅनोमायसिस नावाचं रानटी यीस्ट वाइनला घोड्याच्या तबेल्याचा वास देतं. वाइनचं बिघडणं हे जीवांचं काम आहे, हे लुई पाश्चर यांनी १८६६ मध्ये वाइनवरच्या ग्रंथात सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांसह दाखवलं. बाटली स्वच्छ करायची ती या थोड्या जीवांसाठी, वाइनची चव टिकावी म्हणून.

आधी निवड. ज्या बाटलीत कधी रॉकेल, फिनेल किंवा तेल भरलं असेल ती बाजूला काढा. ती कितीही घासली तरी भरवसा नाही. इतिहास माहीत नसेल तर बाटली गरम पाण्याने भरून, तोंड बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडून वास घ्या. तोंडाशी टवका उडालेली बाटलीही नको. रम-व्हिस्कीच्या बऱ्याच बाटल्यांच्या मानेत पुन्हा भरता येऊ नये म्हणून प्लॅस्टिकची गोळी बसवलेली असते. ती उपटत बसण्यात अर्थ नाही. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीला बूच ठोकू नका, तिची मान त्या दाबासाठी बनवलेली नसते आणि तडकू शकते. तिचं जुनं झाकणही पुन्हा वापरू नका, कारण आतला मऊ थर वास धरून ठेवतो आणि एकदा मोडलेलं झाकण घट्ट बसत नाही. शीतपेयांच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या तर मी मुळीच सुचवणार नाही. त्यांतून हवा हळूहळू आत शिरते, आणि ब्रशने पडलेल्या चरांमध्ये जंतू लपून राहतात.

बाटली धुण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे ती रिकामी होते ती रात्र. जेवण उरकल्यावर तीन वेळा गरम पाण्याने खळखळून उपडी ठेवली, तर पुढचं नव्वद टक्के काम वाचतं. मित्रांकडून, नातेवाइकांकडून बाटल्या गोळा करत असाल तर त्यांनाही एवढंच सांगून ठेवा.

वाळलेल्या बाटलीसाठी धुण्याचा सोडा पुरतो. बादलीभर कडकडीत नव्हे, हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात मूठभर सोडा विरघळवा, बाटल्या पूर्ण बुडवा, आत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही हे बघा आणि रात्रभर ठेवा. हातमोजे घाला, सोड्याने त्वचा कोरडी पडते. डाग काढायला मिळणारी बिनवासाची ऑक्सिजनवाली पावडर, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, मिळाली तर आणखी चांगलं. पाण्यात ती धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड अशी मोकळी होते. भांड्यांचा सुगंधी साबण मात्र टाळा, त्याचा लिंबाचा वास काचेवरून सहज जात नाही. सकाळपर्यंत कागदी लेबलं आपोआप सुटतात. जी सुटत नाहीत, त्यांच्या चिकटपणावर खाण्याचं तेल आणि खाण्याचा सोडा कालवून चोळा, मग पुन्हा सोड्याच्या पाण्याने तेल काढा.

आतून घासायला लांब दांड्याचा बाटलीचा ब्रश हवाच. तळाच्या खोबणीत तो पोचत नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ आणि थोडं पाणी घालून जोरात हलवा. युरोपात एकेकाळी यासाठी शिशाचे छरे वापरत. एखादा छरा तळाच्या खोबणीत अडकून राही आणि वाइनच्या आम्लात शिसं उतरून पिणाऱ्याला विषबाधा होई. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या बाटल्यांवर पांढरट क्षार बसतो. तो सोड्याने जात नाही, सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने जातो. शेवटी स्वच्छ पाण्याने विसळून बाटली उजेडात धरा. पाणी अखंड पातळ पडद्यासारखं खाली उतरलं तर काच स्वच्छ आहे. थेंबाथेंबांनी फुटलं तर अजून चिकटपणा शिल्लक आहे आणि बाटली पुन्हा सोड्यात जायला हवी. ही परीक्षा मी कधी टाळत नाही, कारण नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारी काच पुष्कळदा स्वच्छ नसते.

आता निर्जंतुक करणं. उन्हाळ्यात स्क्वॅश करणाऱ्या घरांत केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, असतंच. लिटरभर पाण्यात साधारण १० ग्रॅम केएमएस आणि तेवढंच सायट्रिक ॲसिड विरघळवा. आम्ल हवंच, कारण यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड आम्लातच खरा कामाला लागतो. हे पाणी बाटलीत घोळवून दहा मिनिटं ठेवा आणि निथळू द्या. नंतर नळाच्या पाण्याने विसळू नका, नाहीतर नळातले जीव पुन्हा आत जातील. थेंबभर राहिलं तर काय, अशी शंका येईल. मिलिलिटरभर द्रावण उरलं तरी ७५० मिलीच्या बाटलीत लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड जातो. युरोपीय संघात कोरड्या लाल वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. दम्याच्या रुग्णांनी मात्र ही वाफ नाकात जाऊ देऊ नये. हे काम खिडकी उघडी ठेवूनच करावं.

केएमएस जीवांना मारण्यापेक्षा दाबून ठेवतं. अधिक खात्री हवी असेल तर उष्णता वापरा. मोठ्या पातेल्यात तळाशी फडकं घालून बाटल्या थंड पाण्यातच ठेवा, मग आच द्या आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं उकळू द्या. उकळतं पाणी थंड बाटलीत कधीही ओतू नका. जाड काच आतून झटकन प्रसरण पावते, बाहेरून पावत नाही आणि तळ सुटून येतो.

आणि ब्लीच? बाथरूमच्या कपाटात ते हाताशी असतं, स्वस्त असतं, जंतूही मारतं. तरीही ते वाइनच्या खोलीत आणू नका असं मी आग्रहाने सांगेन. बूच ओकच्या सालीचं असतं आणि त्यात फिनॉल गटातली द्रव्यं असतात. क्लोरीन त्यांच्याशी जुळला की क्लोरोफिनॉल बनतात. बुरशीला ती विषारी वाटतात, म्हणून ती त्यांचं रूपांतर ट्रायक्लोरोअनिसोलमध्ये करते. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा कुबट वास येणारी वाइन म्हणजे हेच. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हान्स टॅनर यांनी हे द्रव्य ओळखलं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश असले, तरी जाणकार नाकाला ते कळतं, आणि त्याहून कमी असेल तरी फळाचा गंध दबतो. एकदा ते वाइनमध्ये उतरलं की घरगुती उपायाने निघत नाही. नंतर बूच उद्योगानेही क्लोरीनने बुचं धुणं सोडून दिलं. शिवाय ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. केएमएसच्या आम्लयुक्त पाण्याशेजारी ब्लीचची बाटली ठेवणं धोक्याचं आहे.

निथळलेल्या बाटल्या आतून फडक्याने पुसू नका. फडक्यातले जीव त्यांत जातात. त्या उपड्या ठेवा, आणि लगेच भरायच्या नसतील तर तोंडावर ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट बसवा. सोड्याची धुलाई महिनाभर आधी झाली तरी चालते, निर्जंतुक मात्र भरण्याच्या दिवशीच करायचं. नळी, नरसाळं आणि स्वतःचे हात हेही त्याच केएमएसच्या पाण्यातून काढा. नळीच्या टोकांवर सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल फवारलं तर उत्तम. शुद्ध अल्कोहोलपेक्षा पाणी मिसळलेलं अधिक परिणामकारक ठरतं. पेटत्या गॅसजवळ मात्र फवारू नका.

आणखी एक गोष्ट, कारण यावर पत्रं येतात. बाटली कितीही स्वच्छ असली तरी अपुरी आंबलेली गोड वाइन आत पुन्हा आंबू शकते आणि बाटली फुटू शकते. तिथे सोडा आणि केएमएस दोन्ही हतबल आहेत. हायड्रोमीटरचं मोजमाप काही दिवसांच्या अंतराने दोनदा सारखं आलं असेल तरच भरा.

पुढच्या भागात बुचं : ती भिजवायची की नाही, किती लांबीची घ्यायची आणि बाटली आडवी कधी ठेवायची.