मुक्त आणि मुफ्त

'मुक्त' आणि 'मुफ्त' हे दोन शब्द कानाला सारखे वाटतात. पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. मराठीतील 'मुक्त' म्हणजे उर्दूतील 'आजाद'. 'मुफ्त' तर तुमच्या ओळखीचाच आहे. मराठीत त्याला 'फुकट' म्हणतात. संगणकाच्या जगात हा फरक फार महत्त्वाचा आहे.

तुम्ही इंटरनेटवर परीक्षेचा निकाल पाहता. तो दूरच्या एका संगणकात साठवलेला असतो. तुमची मागणी येताच हवे ते पान पाठवण्याचे काम तेथील एक आज्ञावली करते. तिला 'वेब सर्व्हर' म्हणतात.

अशा आज्ञावल्या दोन प्रकारच्या असतात. आपल्या पिरंगुटमध्ये अनेक कारखाने आहेत. समजा, एका कारखान्यात दोन यंत्रे आहेत. पहिले सीलबंद आहे. ते बिघडले, की विकणाऱ्या कंपनीचाच माणूस बोलवावा लागतो. दुसऱ्या यंत्राबरोबर त्याचे पूर्ण ड्रॉइंग मिळाले आहे. ते पाहून गावातला कुशल फिटरही दुरुस्ती करू शकतो. पहिले यंत्र व्यापारी आज्ञावलीसारखे, तर दुसरे मुक्त आज्ञावलीसारखे आहे.

अमेरिकेत रॉब मॅकूल यांनी इलिनॉय विद्यापीठातील एका केंद्रात वेब सर्व्हर लिहिला होता. १९९४ मध्ये ते केंद्र सोडून गेले आणि काम थंडावले. परंतु आज्ञावली सर्वांना वाचता येत होती. म्हणून वापरणारे लोक स्वतःच तिच्यात दुरुस्त्या करू लागले. १९९५ मध्ये आठ जणांनी या दुरुस्त्या एकत्र केल्या. त्यातून 'अपाची' तयार झाला. १९९६ मध्ये तो जगात सर्वाधिक वापरला जाऊ लागला.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनीचा 'आयआयएस' स्पर्धेत उतरला. त्याला वेगळी किंमत नव्हती. पण तो चालवण्यासाठी कंपनीची विंडोज प्रणाली विकत घ्यावी लागे. म्हणजे मुफ्त दिसणारी वस्तू मुक्त असतेच असे नाही. मात्र कंपनीची मदत मिळते, म्हणून अनेकांनी तो पसंत केला. पुढे २००४ मध्ये रशियाच्या इगोर सिसोयेव्ह यांनी 'एनजिनएक्स' हा मुक्त सर्व्हर जगाला दिला. आज अपाची आणि एनजिनएक्स हे दोन्ही फार मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.

मग मुक्त आज्ञावलीत दोष नसतात का? असतात. २००१ मध्ये 'कोड रेड' या उपद्रवी आज्ञावलीने आयआयएसवर हल्ला केला. कंपनीने दुरुस्ती महिनाभर आधीच दिली होती. पण अनेकांनी ती बसवली नव्हती. २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या मुक्त आज्ञावलीत मोठा दोष सापडला. तो दोन वर्षे उघड्यावर असूनही कोणी दुरुस्त केला नव्हता. दार उघडे असले, तरी आत येऊन झाडणारा कोणीतरी हवाच!

भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. आपल्याच मुळशी तालुक्यात हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. उद्या तुम्हीही अशा ठिकाणी काम कराल. पण तोपर्यंत थांबण्याची गरज नाही. अपाचीची आज्ञावली पिरंगुटच्या विद्यार्थ्यालाही वाचता येते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मेहनत मात्र लागते. ती कोणालाही मुफ्त मिळत नाही.

स्वाध्याय
१. 'मुक्त' आणि 'मुफ्त' यांतील फरक सांगा.
२. रॉब मॅकूल गेल्यानंतरही काम का थांबले नाही?
३. 'दार उघडे असले, तरी आत येऊन झाडणारा हवाच' याचा अर्थ लिहा.