नेफा उसवलेलं बोट

बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूर घाट लागतो. तिथल्या एका कातळावर चढताना माझा पाय सटकला आणि अंगाचा भार डाव्या हाताच्या दोन बोटांवर आला. ‘टप्’ असा आवाज झाला. खाली उभ्या मित्रालाही तो ऐकू गेला. अनामिका तळाशी सुजली. चार आठवड्यांत ठणका गेला, मी पुन्हा कातळावर. आठवडाभरात तेच बोट, तीच जागा. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी हळदीचा लेप बाजूला ठेवून बोटाच्या आत काय असतं ते वाचायला बसलो.

बोट मिटणारे मोठे स्नायू बोटात नसतातच. कोपराखाली हात धरून बोटं मिटून बघा, हालचाल तिथे लागेल. ही ओढ कंडरांमधून, म्हणजे टेंडनमधून, बोटाच्या टोकापर्यंत जाते. कंडरा हाडाला धरून राहावी म्हणून अंगठा सोडून प्रत्येक बोटात ए-१ ते ए-५ असे पाच आडवे पट्टे असतात. डॉक्टर त्यांना ‘पुली’ म्हणतात, पण त्यात चाक वगैरे काही नाही. मला तो पायजम्याचा नेफाच वाटतो: नेफा उसवला की नाडी बाहेर फुगते. बोटातही अगदी तसंच होतं.

आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या खाचा अशा, की बोटांची जेमतेम टोकं टेकावीत. तिथे हात आपोआप ‘क्रिम्प’ धरतो: मधला सांधा काटकोनात, टोकाचा उलटा वाकलेला, वरून अंगठा दाबलेला. पकड झकास बसते, पण कंडरा तीव्र कोनात वळते आणि तळाच्या पेरावरच्या ए-२ ला हाडापासून उचलू पाहते. बोटाच्या टोकावर जेवढा भार, त्याच्या सुमारे तिप्पट ताण ए-२ वर येतो. हा पट्टा साधारण ४०० न्यूटनला, म्हणजे ४० किलोच्या ओढीला, तुटतो. गणित तोंडी करता येईल. बोटं सरळ ठेवून धरलेल्या ‘ओपन हँड’ पकडीत हा ताण कितीतरी कमी असतो. ती पकड सुरुवातीला लेचीपेची वाटते, म्हणून आम्ही टाळतो.

दुखापत परत का येते? स्नायूला रक्त भरपूर, तो काही आठवड्यांत ताकद धरतो. पुलीला रक्त कमी, तिला महिने लागतात. ठणका मात्र आधीच थांबतो आणि आपण त्यालाच बरं होणं समजतो. माझी चूक हीच.

निदानाला सोनोग्राफी पुरते, मात्र बोट दाबून धरलेलं असताना करायची. कंडरा हाडापासून दोन मिलिमीटरहून जास्त सुटली तर पुली तुटली असं धरतात. एकच पुली तुटली असेल तर सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. कंडरा हाडाला दाबून ठेवणारी कडक कडी सहा-आठ आठवडे, मग हळूहळू भार. अनेक पुली तुटल्या तर मात्र सर्जन गाठावा. धडधाकट बोटाला टेप गुंडाळून पुली वाचते, याला प्रयोगांत आधार मिळालेला नाही. आमच्यातले निम्मे तरी ती रुबाबासाठीच लावतात.

२०१६ साली बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराविना बुटक्या भिंतीवर चढण्याच्या, विश्वचषकाची एक फेरी नवी मुंबईत झाली, टोकियोपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्येही आहे. आता शाळकरी पोरंही भिंतीवर लटकतात. त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या हाडांची वाढ होणारी टोकं पुलीपेक्षा कच्ची असतात, त्यामुळे आधी तडा तिथे जातो आणि दुर्लक्ष झालं तर बोट कायमचं वाकडं होऊ शकतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मधल्या सांध्याच्या वरच्या बाजूला दुखत असेल, तर चढणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पहिला एक्स-रे स्वच्छ आला, तरी दुखणं असेतो भिंतीवर सोडू नका.