पंख कसा घडतो?

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटे कोणी पाहिली नाहीत? त्यांपैकी ड्रोसोफिला नावाची फळमाशी जेमतेम ३ मिलिमीटर लांब असते. तिचा पंख काचेसारखा पारदर्शक व लांबट असतो. डावा आणि उजवा हे दोन्ही पंख जवळजवळ सारखेच असतात. त्यांना हा नेमका आकार कोण देतो?

अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अळीला पंख नसतात. परंतु पंखांची पूर्वतयारी तिच्या शरीरात आधीच सुरू झालेली असते. तेथे प्रत्येक पंखासाठी पेशींच्या पातळ थराची एक चिमुकली पिशवी असते. आरंभी तीत अवघ्या ३० ते ५० पेशी असतात. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, अशा त्या वाढत जातात, आणि चार-पाच दिवसांत त्यांची संख्या ३० हजारांच्या वर जाते.

पण नुसती संख्या वाढली, तर पेशींचा गोळा होईल, पंख होणार नाही. कुंभार मातीला आकार देतो. येथे मात्र कुंभार नाही. येथे मातीचा प्रत्येक कणच काम करतो. पेशी ठरावीक दिशेने विभागतात; काही लांबट होतात; काही आपले शेजारी बदलतात; तर काही थरातून बाहेर पडून नाहीशा होतात. या साध्या क्रियांतूनच आकार सिद्ध होतो.

पुढे अळीचा कोष होतो. त्या वेळी पंखाचा बुंधा आकसतो आणि पंखाला आपल्याकडे ओढतो. पंखाची कड बाहेरच्या आवरणाला सूक्ष्म धाग्यांनी जखडलेली असते. या ओढाताणीत पेशी ताणल्या जातात, जागा बदलतात आणि पंख लांब व निमुळता होतो. शास्त्रज्ञांनी लेसर किरणांनी हे बंध तोडून पाहिले, तेव्हा पंख आखूडच राहिला. हा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला.

पेशी आपल्या शेजाऱ्यांची दखलही घेतात. १९७५ साली मोराता व रिपोल या स्पॅनिश शास्त्रज्ञांना एक नवल दिसले. मंद गतीने वाढणाऱ्या पेशी एकट्या असताना चांगल्या जगत. पण वेगाने वाढणाऱ्या पेशी शेजारी आल्या, की त्या नाहीशा होत. तरीही तयार झालेला पंख नेहमीएवढाच असे! वेगवान पेशींनी जागा व्यापली, पण मर्यादा ओलांडली नाही.

हे थांबणेच फार मोलाचे आहे. पेशींच्या वाढीला आवर घालणारी जनुके माशीत आहेत, तशीच ती माणसातही आहेत. हा आवर सुटला, की पेशी बेसुमार वाढतात आणि कर्करोगासारखी व्याधी उद्भवू शकते. म्हणूनच कोठे थांबावे हे पेशींना कसे उमगते, याचा शोध शास्त्रज्ञ त्या इवल्याशा पंखात घेत आहेत. वाढणे हे जीवनाचे लक्षण खरे. परंतु वेळीच थांबणे हेही तितकेच आवश्यक आहे.