गुणाकार सोडला त्याची गोष्ट

इंग्लंडमध्ये नवीन आलेला मराठी माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. दुकानात तो किंमत वाचतो, क्षणभर छताकडे बघतो आणि वस्तू परत जागेवर ठेवतो. तो मनात गुणाकार करत असतो.

आम्ही २००६ मध्ये रेडिंगला आलो तेव्हा पौंड ८० रुपयांच्या पुढे होता. ८० पेनीची कोथिंबीर म्हणजे ६५ रुपये! दोन पौंडांची कॉफी म्हणजे दीडशेच्या वर! बायको म्हणायची, "अहो, पगार पण पौंडातच मिळतो ना आपल्याला?" पटायचं, पण सवय जाईना. साताऱ्यात अण्णांच्या मास्तरकीच्या पगारात आम्ही तीन भावंडं वाढलो. अंथरूण पाहून पाय पसरायचे, हे अंगात इतकं भिनलं होतं की अंथरूण मोठं झालं तरी पाय पोटाशीच.

त्याचा फायदाही झाला, नाही असं नाही. अण्णांचं घराचं कर्ज फिटलं, धाकट्या बहिणीचं लग्न नीट झालं, पुण्यात वाकडला एक फ्लॅट बुक केला. तो आजही आहे. बराच काळ कुलूपबंदच होता.

अण्णांना क्रिकेटचं वेड. त्यातही एक सामना त्यांच्या मनात कायमचा घर करून बसलेला. २४ ऑगस्ट १९७१, ओव्हल. अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली आपली पहिली कसोटी आणि मालिका जिंकली तो दिवस. चंद्रशेखरने दुसऱ्या डावात ३८ धावांत ६ बळी घेतले होते. "आणि गणेश चतुर्थी होती रे त्या दिवशी! बेला नावाची हत्तीण आणली होती मैदानावर. प्रत्यक्ष गणपतीच आला म्हण ना!" हे आम्ही लहानपणी शंभरदा ऐकलं असेल. रेडिओ शेजाऱ्यांचा, पण आनंद अण्णांचा.

२०११ च्या ऑगस्टमध्ये भारत ओव्हलवर कसोटी खेळणार होता. अण्णांचा फोन आला. "चाळीस वर्षं झाली बघ." एवढंच म्हणाले. माझ्याकडे मागणं त्यांना जमत नसे. मी लगेच हिशेब मांडला. दोघांची विमानाची तिकिटं, व्हिसा, विमा, सामन्याची तिकिटं, आणि फ्लॅटचे शेवटचे हप्ते चालू. म्हटलं, "अण्णा, ताबा मिळाला की निवांत या. पुढच्या उन्हाळ्यात नक्की." तो सामना आपण डावाने हरलो, मालिकाही ४-० अशी गेली. अण्णा फोनवर हसत म्हणाले, "बरं झालं नाही आलो!"

पुढचा उन्हाळा फ्लॅटच्या फर्निचरमध्ये गेला, त्यापुढचा नोकरी बदलण्यात. २०१३ च्या डिसेंबरमध्ये अण्णा गेले. तातडीने काढलेल्या विमानाच्या तिकिटाची किंमत मी त्या दिवशी पाहिलीसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा गुणाकार केला नाही, तो असा.

परत आल्यावर बायकोने एक वही काढली. म्हणाली, "महिनाभर सगळा खर्च लिहू आणि समोर लिहू, बरं वाटलं की नाही." महिनाअखेरीस वही वाचली तेव्हा आम्ही दोघं गप्प झालो. मोठ्या टीव्हीच्या हप्त्यासमोर काहीच नव्हतं, त्याची सवय झाली होती. गाडीचंही तेच. 'बरं वाटलं' असं लिहिलेले खर्च अगदीच किरकोळ होते. ऑफिसातल्या नव्या मुलाला पाजलेली कॉफी, मुलीबरोबर थेम्सकाठी खाल्लेलं आइस्क्रीम, मावशीला वाढदिवसाला पाठवलेली साडी.

तेव्हा आम्ही बँकेत एक वेगळं खातं उघडलं. पगार झाला की त्याच दिवशी १०० पौंड आपोआप त्यात जातात. घरात त्याचं नाव 'अण्णांचं खातं'. नियम दोनच. त्यातून वस्तू घ्यायची नाही, माणसांसाठी आणि वेळेसाठी खर्च करायचा. आणि पैसे वर्षाच्या आत संपवायचे, साठवायचे नाहीत.

पहिला खर्च पंधरवड्यातून एकदा घर साफ करायला येणाऱ्या बाईंचा. मला आधी अपराधी वाटलं. धडधाकट माणसं घरात असताना कशाला? पण शनिवारची सकाळ मोकळी झाली आणि घरातली अर्धी भांडणं संपली. नंतर वाचलं की २०१७ मध्ये ॲशली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला होता. व्हँकुव्हरमधल्या लोकांना त्यांनी दोन शनिवार-रविवारी ४० डॉलर दिले. एकदा वस्तू घ्यायला, एकदा वेळ वाचवायला. वेळ वाचवला त्या दिवशी लोक जास्त आनंदी होते. त्याआधी, २००८ मध्ये एलिझाबेथ डन यांच्या गटाने लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर देऊन ते संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितले होते. दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश होते, मग रक्कम ५ असो की २०. आमच्या वहीने वेगळं काय सांगितलं होतं?

दुसरा खर्च साताऱ्यातला. आईच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला महिन्याचे पैसे ठरवून दिले. मंगळवारी भजनी मंडळ, शनिवारी मारुती, मधेच कधी दवाखाना. इथे मात्र गुणाकार उपयोगी पडला! ३० पौंड म्हणजे इथे एक बाहेरचं जेवण, पण साताऱ्यात आईचा अख्खा महिना. पूर्वी तिचा फोन "गुडघा दुखतोय" ने सुरू व्हायचा. आता "आज कुठे जाऊन आले सांगू?" असा होतो.

२०१५ च्या उन्हाळ्यात आई आली. तिला ओव्हलवर घेऊन गेलो. कसोटी नव्हती, सरेचा साधा काउंटी सामना होता. मैदान अर्ध्याहून जास्त रिकामं, ऊन कोवळं, मागे ते जुने गॅसचे लोखंडी सांगाडे. आईने डब्यातून थालीपीठ काढलं. क्रिकेटमधलं तिला फारसं कळत नाही. बराच वेळ मैदानाकडे बघून म्हणाली, "हत्तीण कुठून आणली असेल रे?" मी म्हटलं, "विचारू या का कुणाला?" ती म्हणाली, "नको. आणि तिकीट कितीला पडलं ते मला सांगू नकोस. मी गुणत बसेन."

उधळपट्टी करा, असं मी कुणालाच सांगणार नाही. आमची सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक वेगळी असते, क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरतो. अडचणीच्या वर्षी १०० चे ४० पौंडही केले. पण ते खातं बंद केलं नाही.

तुमच्याही घरी कुणीतरी असेल, जे फोनवर फक्त अर्धं वाक्य बोलतं आणि थांबतं. त्यांना "पुढच्या उन्हाळ्यात" म्हणण्याआधी एकदा हिशेब पुन्हा मांडा. पण या वेळी गुणाकार न करता.